हसू आणि हसे

मराठी विनोदाची चर्चा निघाली म्हणजे आपले टीकाकार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून आरंभ करतात, गडकऱ्यांच्या बाळकरामाचा परामर्श घेतात, चिं. वि. जोशांच्या चिमणरावापाशी क्षणभर रेंगाळतात आणि मग लेखणी खाली ठेवतात. ही वाट चांगली आहे व तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु आज मराठी घरांत रोज संध्याकाळी जे हसू उमटते, त्यातले फारच थोडे ग्रंथांतून येते. बहुतेक सारे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून येते, आणि त्यातही पुष्कळसे अशा खेळांतून येते, की ज्यांत एखाद्या साध्यासुध्या गृहस्थास किंवा गृहिणीस काही क्षुल्लक काम सांगावयाचे, ते तिच्या हातून बिघडले म्हणजे तिला काही गमतीची शिक्षा द्यावयाची, आणि घरोघरच्या प्रेक्षकांनी ती शिक्षा पाहून हसावयाचे. लक्षावधी माणसे जे पाहतात ते टीकेस अपात्र, आणि शेकडो माणसे जे वाचतात तेवढेच पात्र, असा भेद आम्हांस मान्य नाही. म्हणून या दंडाच्या विनोदाचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

विचारास आधार म्हणून आम्ही एकच कार्यक्रम मुख्यत्वे घेतो. 13 सप्टेंबर 2004 रोजी तेव्हाच्या 'अल्फा मराठी' व पुढे 'झी मराठी' झालेल्या वाहिनीवर 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम सुरू झाला. आदेश बांदेकर हे त्याचे सूत्रधार. ते एखाद्या घरी जात, त्या घरातील किंवा शेजारच्या दोन स्त्रियांशी गप्पा मारीत, त्यांच्याकडून काही सोपे घरगुती खेळ खेळवून घेत, आणि जी जिंके तिला पैठणी देत. एवढ्याशा भांडवलावर हा कार्यक्रम दीड तपाच्या आसपास चालला. 2020 साली टाळेबंदीत लोकांच्या घरी जाणे अशक्य झाले, तेव्हा तो दूरध्वनीच्या पडद्यावरून घरोघर पोहोचला. मराठी नाटकांपैकी किती थोड्यांस इतके आयुष्य लाभले आहे, याचा वाचकांनीच विचार करावा. असे दीर्घायुष्य केवळ जाहिरातीच्या बळावर लाभत नाही. लोकांच्या मनात आधीच रुजलेल्या एखाद्या गोष्टीस त्या कार्यक्रमाने हात घातला असला पाहिजे.

ती गोष्ट कोणती हे पाहण्यासाठी पडद्यापासून थोडे दूर जाऊन आपल्या जुन्या खेळांकडे वळले पाहिजे. आपल्या खेळांत हरणाऱ्यास दंड असतो, पण त्या दंडाची नावे मोठी मौजेची आहेत. लपंडावात किंवा आंधळ्या कोशिंबिरीत जो सापडतो, त्याच्यावर 'राज्य' आले असे मुले म्हणतात. डोळे बांधून चाचपडत फिरणे, सर्वांच्या टपल्या खाणे, आणि याला म्हणावयाचे राज्य! पत्त्यांच्या 'गुलामचोरा'त ज्याच्या हाती शेवटी गुलाम उरतो तो त्या डावापुरता चोर ठरतो. गाण्याच्या भेंड्यांत ज्या पक्षास वेळेवर गाणे सुचत नाही त्याच्यावर भेंडी चढते. या सर्व शिक्षांत एक नियम समान आहे. शिक्षा फिरती असते. आज ज्याच्यावर राज्य आहे तो ज्याला शिवेल त्याच्यावर ते जाते. जो आता टपली मारतो आहे त्याला घटकेने टपली खावयाची आहे, हे सर्वांस ठाऊक असते. त्या जाणिवेमुळेच टपली हलक्या हाताने मारली जाते.

लग्नघरातील दंडांची तऱ्हा याहून थोडी निराळी. तेथे वधूचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो आणि त्या बदल्यात मानाची कानपिळी मिळवतो. नवी वधू उंबरठ्याशी अडविली जाते आणि नाव घेतल्यावाचून तिला आत सोडीत नाहीत. नणंद दार धरून बसते आणि काही कबूल करून घेतल्यावाचून हलत नाही. जो नवरदेव त्या दिवशी साक्षात विष्णूच्या जागी मानला जातो त्याचाच कान पिळावयाचा, यात आपल्या पूर्वजांचे मोठे शहाणपण आहे, असे आम्हांस वाटते. मान आणि थट्टा या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत; किंबहुना ज्याला आपण आपले मानले त्याचीच थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो, हे त्या रीतीचे मर्म आहे. परक्याचा कान कोणी पिळीत नाही. कानपिळी ही शिक्षा दिसते खरी, परंतु वस्तुतः ती जावयास घरात घेतल्याची पावती असते.

आपल्या भाषेनेही हा विवेक जपून ठेवला आहे. 'हसू' आणि 'हसे' हे दोन शब्द एकाच धातूपासून निघाले. परंतु हसू येते, फुटते, उमलते, आणि हसे मात्र होते. हसू ज्याच्या मुखावर असते त्याचे असते. हसे ज्याचे होते त्याला त्यात वाटा नसतो. पाश्चात्त्य पंडितांनी हास्याची जी मीमांसा केली ती बहुतांशी हशाची आहे. हॉब्ज याने सतराव्या शतकात असे प्रतिपादिले, की दुसऱ्याचे उणेपण पाहून आपल्या थोरपणाची एकाएकी जी जाणीव होते तीच हास्याचे कारण. बर्गसाँ याने 1900 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हास्यास समाजाच्या हातची छडी मानले. जो जिवंत माणसासारखा लवचिक न राहता यंत्रासारखा वागतो त्याला समाज हसून ताळ्यावर आणतो, असे त्याचे म्हणणे. दोघांच्याही विचारात हसणारा वर आहे आणि ज्याला हसावयाचे तो खाली. भरताने मात्र नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगून, स्वतः हसणे आणि दुसऱ्यास हसविणे या दोहोंस एकाच रसात जागा दिली. स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगून त्यांची उत्तम, मध्यम व अधम अशी वाटणीही त्याने करून ठेवली. दंडाचा खेळ या सहा पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आपल्याला नेऊन सोडतो, हा प्रश्न विचारण्यास त्यामुळे आपल्यापाशी स्वतःची परिभाषा आहे. ती उसनी आणण्याची गरज नाही.

दंडाचा खेळ ही काही आपल्याच देशाची मिरास नव्हे. अमेरिकेत राल्फ एडवर्ड्स या गृहस्थाने 1940 साली नभोवाणीवर 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' नावाचा कार्यक्रम सुरू केला. खरे उत्तर द्या नाहीतर परिणाम भोगा, असा त्या नावाचा आशय. प्रश्न मुद्दामच असे वेडेवाकडे असत की त्यांचे उत्तर सहसा कोणास येऊ नये. कारण श्रोत्यांस हवी असे ती शिक्षाच. बैठकीतल्या जुन्या खेळांतूनच त्याला ही कल्पना मिळाली होती. या शिक्षेच्या अखेरीस पुष्कळदा काही सुखद आश्चर्य ठेवलेले असे. दूर गेलेला आप्त एकाएकी समोर उभा राही. आपल्या कानपिळीप्रमाणेच तेथेही दंडाचा शेवट देण्याघेण्यात होई. लोकांना हा खेळ इतका आपलासा वाटला, की 1950 साली न्यू मेक्सिको प्रांतातील हॉट स्प्रिंग्ज या गावाने आपले जुने नाव टाकून या कार्यक्रमाचे नाव धारण केले, आणि ते आजही त्याच नावाने ओळखले जाते.

जपानात 1986 ते 1990 या काळात ताकेशी कितानो याच्या नावाने 'ताकेशीज कॅसल' हा खेळ झाला. पुढे 'पोगो' वाहिनीवर जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह तो आपल्याकडील मुलांनी आवडीने पाहिला. शंभरांच्या आसपास माणसे एका कृत्रिम किल्ल्यावर चाल करीत आणि चिखलात, पाण्यात एकामागून एक धडाधड कोसळत. वरवर पाहता यात केवळ अधम हास्य आहे असे कोणी म्हणेल. परंतु तेथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती. ज्या खेळात शंभरांतले बहुतेक सारे पडावयाचे असतात तेथे पडण्यात लाज उरत नाही. पडणे हाच नियम, तरणे हा अपवाद. मग कोणा एकट्याचे हसे होणार कसे? चिखलाने माखलेली माणसे स्वतःच खदखदा हसत बाहेर येत. दंड सर्वांस सारखा वाटून दिला म्हणजे त्याची बोच कशी नाहीशी होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता 'होम मिनिस्टर'कडे परत येऊ. या कार्यक्रमाच्या कर्त्यांनी भरताचे वचन वाचले असो वा नसो, त्यांनी आपल्या समाजातील थट्टेचा परवाना नेमका ओळखला. सूत्रधाराला त्यांनी 'भावोजी' केले आणि खेळणारीला 'वहिनी'. दीर आणि भावजय हे आपल्या कुटुंबातील थट्टेचे हक्काचे नाते. सासऱ्याशी मर्यादा, जावेशी स्पर्धा, नवऱ्याशी चारचौघांत मौन, अशा जुन्या घरात ज्याच्याशी मोकळेपणी हसावे असा पुरुष म्हणजे धाकटा दीर. बांदेकर घरात शिरले ते या नात्याच्या दारातून. त्यामुळे एका परपुरुषाने येऊन गृहिणीस नाव घ्यावयास लावणे, तिला खेळात धावपळ करावयास लावणे, तिच्या सासूसमोर तिची गंमत करणे, यांपैकी कशाचाच कोणास राग आला नाही. कार्यक्रमाच्या शीर्षकगीतातही दार उघडण्याची हाक होती. आणि पैठणच्या एकनाथांनी देवीला घातलेली तशीच हाक ज्या मुलखात अजून गोंधळ्यांच्या तोंडी आहे, तेथे ती ओळखीची वाटली यात नवल नाही.

दुसरा गुण असा, की हा खेळ त्या बाईच्या घरी होई. हा तपशील लहान दिसतो. परंतु आमच्या मते साऱ्या कार्यक्रमाचे शील त्यावर उभे होते. पाहुणा कितीही बोलका असो, तो यजमानिणीचा पाणउतारा करू शकत नाही. तिने दिलेले पाणी तो प्यालेला असतो. पाय लडखडला, फुगा फुटला, शब्द अडला, तरी ती आपल्या भिंतींच्या आत, आपल्या माणसांत असते. भोवती जे हसतात ते उद्या सकाळी तिच्याच हातचा चहा पिणार असतात. शिवाय समोर बांदेकरांसारखा सूत्रधार असला, की बाई अडखळली तर तो आपल्याकडे हसू ओढून घेई. संस्कृत नाटकातला विदूषक हेच करीत असे. राजाच्या प्रेमाची थट्टा त्याने करावयाची, पण लोकांनी हसावयाचे ते त्याच्या मोदकांना. अशा ठिकाणी हसू राहते. हसे होत नाही.

याचा अर्थ कार्यक्रम निर्दोष होता असा नव्हे. 'होम मिनिस्टर' या नावातच एक गोड फसवणूक आहे. घरची मंत्रीण म्हणून जिचा गौरव करावयाचा, तिला त्या खात्यात काय अधिकार आहेत हे मात्र विचारावयाचे नाही. तिची ओळख नवऱ्याच्या नावाच्या उखाण्यातून, लग्न कसे जमले या गोष्टीतून आणि सासूच्या प्रशस्तिपत्रातून व्हावयाची. ती काय वाचते, काय कमावते, तिला काय व्हावयाचे होते, हे बोलता बोलता निघाले तर निघाले. दुसरा दोष बक्षिसाच्या वाढीचा. 2022 साली 'महामिनिस्टर' या नावाने निरनिराळ्या शहरांत जो मोठा सोहळा झाला त्यात 11 लाख रुपयांची पैठणी ठेवण्यात आली होती. पैठणी मानाचे वस्त्र म्हणून मिळत होती तोवर हरणारीस फारसे दुःख नव्हते. वाण दुसरीच्या ओटीत पडले एवढेच. अकरा लाख हा आकडा आला, की खेळाची पैज होते, आणि पैजेत हरणारी स्त्री हसत हसत घरी जाऊ शकत नाही. दंड जितका हलका आणि बक्षीस जितके बेताचे, तितके हसू निर्मळ, हा या कलेचा नियम मोडणे कोणासही परवडणारे नाही.

नियम पुरता मोडला म्हणजे काय होते हे पाहावयाचे असेल तर 'बिग बॉस मराठी' पाहावे. हॉलंडमध्ये 1999 साली निघालेल्या 'बिग ब्रदर' या खेळाचा हा मराठी अवतार 2018 साली 'कलर्स मराठी' वाहिनीवर आला. काही माणसे एका घरात कोंडावयाची, त्यांच्यावर रात्रंदिवस कॅमेरे रोखावयाचे, आणि नियमभंगाबद्दल शिक्षा करावयाच्या. 'अडगळीची खोली' ही त्यांतलीच एक. तेथेही घर आहे, परंतु ते कोणाचेच नाही. तेथे आवाज आज्ञा करतो, पण आवाजाला चेहरा नाही. आणि ज्याला चेहरा नाही त्याच्यावर राज्य कधीच येत नाही. असे घर पाहताना जे हसू येते ते हॉब्जच्या व्याख्येत चपखल बसते. सहभागी होणारी माणसे बहुधा नामांकित असतात, मोबदला घेऊन आणि करार करून येतात, म्हणून त्यांची कीव करण्याचे कारण नाही. काळजी करावयाची ती रोज रात्री पाहणाऱ्याची. कारण दुसऱ्याचे हसे पाहण्याची सवय एकदा लागली म्हणजे ती पडद्यापुरती राहत नाही.

ती पडद्याबाहेर कशी येते हे आम्हांस शहरापेक्षा खेड्यात अधिक स्पष्ट दिसते. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे केदारखेडा, आणि त्याच्या अल्याडपल्याडची गावे, ही कपाशी, मका नि सोयाबीन यांच्या हिशेबावर जगणारी गावे आहेत. या मुलखात, आणि अवघ्या महाराष्ट्रात, गेल्या काही वर्षांत 'खेळ पैठणीचा' या नावाची एक नवी जत्रा रूढ झाली आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू, नवरात्र, महिला दिन, किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असे निमित्त असते, आणि निवडणुका जवळ आल्या म्हणजे निमित्ताचीही गरज उरत नाही. मंडप पडतो, ध्वनिक्षेपक लागतात, मागे यजमानांचा हात जोडलेला भव्य फलक उभा राहतो, आणि भाड्याने आणलेला सूत्रधार 'वहिनी, वहिनी' असा पुकारा करू लागतो. संगीत खुर्ची होते, लिंबू-चमचा होतो, फुगे फुगविणे होते. जी बाद होते तिला नाचून दाखवावयाचे, लांबलचक नाव घ्यावयाचे, किंवा सासूची नक्कल करावयाची, अशी काहीतरी शिक्षा असते. शेवटी एकीस पैठणी मिळते. आणि ती पैठणच्या वा येवल्याच्या हातमागावरची असतेच असे नाही, यंत्रमागावरची 'सेमी' असते.

वरवर पाहिले तर हे 'होम मिनिस्टर'चेच अनुकरण आहे. परंतु अनुकरणात अक्षर उतरले आणि अर्थ राहून गेला, अशी स्थिती आहे. घराचा उंबरठा गेला आणि उंच मंच आला. यजमानीण पाहुणी झाली आणि पाहुणा यजमान झाला. दीर-भावजयीच्या नात्याची झूल पांघरलेला सूत्रधार त्या गावचा नव्हे. पुन्हा कधी त्या बाईच्या दारी तो येणार नाही, आणि तिने दिलेले पाणीही तो प्यालेला नाही. समोर जी गर्दी बसली आहे तिच्यात तिच्या भावकीची माणसे आहेत, शेतावर मजुरीला सांगणारा मालक आहे, आणि हातात मोबाइल धरून चित्रण करणारी पोरे आहेत. पूर्वी अंगणात झालेली फजिती अंगणातच विरून जाई. आज ती रात्रीच्या आत साऱ्या तालुक्यात फिरते. यात भर अशी, की ज्याच्या खर्चाने हे सारे चालले आहे तो गृहस्थ मंचावर सोफ्यावर बसलेला असतो. त्याला कोणी फुगा फुगवावयास सांगत नाही. त्याने नाव घ्यावे, त्याने नाचून दाखवावे, असे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या खेळात एकाच्या हाती सदैव बक्षीस आणि दुसरीच्या वाट्याला सदैव डाव, तो खेळ म्हणून ओळखला जाण्यास पात्र आहे काय?

या प्रश्नाला एक विशेष धार आहे. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे मंडपात बसलेल्या बायांपैकी कोणी ग्रामपंचायतीची सदस्य आहे, कोणी उद्याची सरपंच आहे. पाण्याची टाकी, शाळेची खोली, रस्त्याचे काम यांविषयी ज्यांना त्याच ध्वनिक्षेपकावरून दोन शब्द बोलता आले असते, त्यांना त्यावर बोलावले जाते ते शिक्षा म्हणून नाव घेण्यासाठी. पुढाऱ्याने पैठणी वाटावी, पण प्रश्न विचारू देऊ नये, ही युक्ती आम्हांस त्या खेळातल्या सर्व युक्त्यांहून चतुर वाटते.

याहूनही जिव्हारी लागणारी गोष्ट निराळीच आहे. ज्या खेळाची मुख्य शिक्षा नवऱ्याचे नाव घेणे आणि मुख्य बक्षीस सवाष्णीचे महावस्त्र, त्या खेळात विधवेची जागा कोणती? कोणी तिला हात धरून बाहेर काढीत असेल असे आमचे म्हणणे नाही. ती स्वतःच मागच्या रांगेत, मंडपाच्या खांबाशी बसते, किंवा येतच नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या मराठवाड्यातील किती घरांची कुंकवे पुसली, त्या मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. आम्ही वर म्हटले, की खेळातील शिक्षा ही आपलेपणाची पावती असते. त्याचाच दुसरा अर्थ असा, की जिला शिक्षादेखील करता येत नाही तिला आपण आपल्यातून वगळले आहे. मंचावर जिची फजिती होते तिच्यापेक्षा, जिची फजिती होणे शक्यच नाही ती स्त्री अधिक दुःखी होय. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. ठरावाने कुंकू राखता येते. परंतु हळदीकुंकवाच्या मंडपात तिला डावात घ्यावयाचे की नाही, हे परिपत्रक ठरवू शकत नाही. ते खेळ मांडणाऱ्यांनीच ठरवावयाचे आहे.

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, बाया आनंदाने येतात, पोटभर हसतात, वर्षभर कापूस वेचून नि भाकरी थापून शिणलेल्या जिवाला दोन तास मोकळे मिळतात. प्राध्यापकांनी त्यात मीठ कालवण्याचे कारण काय? बाया आनंदाने येतात हे अक्षरशः खरे आहे. सासूसमोर पदर न ढळू देणारी सून त्या मंचावर मनमुराद नाचते, आणि सासूही टाळ्या वाजवते, हे दृश्य कोणाही सहृदय माणसास सुखावणारेच आहे. मंगळागौरीचे जागरण आणि भोंडल्याचा फेर यांची जागा रिकामी झाल्यावर जो पहिला खेळ पुढे आला तो बायांनी आपलासा केला, यात त्यांचा दोष नाही. खेळ बंद करा असे आम्ही म्हणतच नाही. उलट ज्या खेळाची लोकांना इतकी भूक आहे तो चांगला खेळला जावा, एवढेच आमचे मागणे आहे. जेवणावर टीका करणारा उपवासाचा पुरस्कर्ता असतोच असे नाही.

चांगला खेळ ओळखण्याच्या कसोट्या आपल्या जुन्या डावांतच आहेत. पहिली, राज्य फिरते असावे. ज्याने शिक्षा सांगितली त्याच्यावरही ती येण्याची वाट मोकळी असावी, मग तो आमदार असो की सूत्रधार. दुसरी, शिक्षा नाकारता यावी, आणि नाकारणारीचा मान कमी होऊ नये. भेंडी चढली तर चढली, गाणे म्हटलेच पाहिजे असा आग्रह नको. तिसरी, नावाचा उखाणा घ्यावयाचाच तर नवऱ्याच्या नावावाचूनही घेता यावा. आईचे, गुरूचे, लेकीचे, गावाचे, स्वतःचे नाव त्यात गुंफता येत नाही असे थोडेच आहे? यमक जुळविण्याची हौस असली म्हणजे पूर्णा नदीचे नावदेखील पुरते. चौथी, चित्रण करणाऱ्यास मंडपाच्या बाहेर ठेवावे. या चार गोष्टींस एक पैसाही खर्च नाही. मात्र हात जोडलेल्या फलकाचा रुबाब त्यांनी थोडा उतरेल.

'होम मिनिस्टर'ने पहिल्या दिवसांत यांपैकी काही गोष्टी सहजप्रेरणेने साधल्या होत्या. म्हणूनच त्याचे दोष सांगूनही त्याच्याविषयीचे आमचे एकंदर मत अनुकूल आहे. घरात पाहुण्यासारखे जावे, थट्टेला नात्याचे कुंपण असावे आणि हसू आपल्याकडे ओढून घ्यावे, हे त्याने मराठी दूरचित्रवाणीस शिकविले. त्याची नक्कल करणाऱ्यांनी त्यातली पैठणी तेवढी उचलली, आणि पाहुणेपण टाकून दिले. येत्या संक्रांतीला केदारखेड्याच्या आसपास ज्या कोणाच्या दारी मंडप पडेल, त्याने सेमी पैठणीच्या भावाची चौकशी करण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: खांबाशी बसणाऱ्या बाईला डावात कसे घ्यावयाचे, आणि स्वतःवर राज्य आले तर कोणते गाणे म्हणावयाचे.